औषध म्हणायचं नाही

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या केव्हाच भरल्या होत्या, भिंतीला टेकून माणसं उभी होती, खिडक्यांच्या कट्ट्यांवर माणसं बसली होती, आणि तरी दारातून आणखी माणसं आत घुसतच होती. पुढे स्टेजवर एक आजोबा उभे होते. त्यांचा जाड भिंगांचा चष्मा बाबांच्या सेवकाने काढून घेतला होता आणि हातात एक कागद दिला होता, औषधाच्या बाटलीवर असतात तसल्या बारीक अक्षरांचा.

"दिसतंय काही?" बाबांनी माइकवर विचारलं.

"नाही हो. सगळं भुरकट."

"आता ही चकती डोळ्यासमोर धरा."

चकती तांब्याची होती, मोठ्या नाण्याएवढी, आणि तिच्या मधोमध एक बारीकसं भोक होतं. आजोबांनी एक डोळा मिटला, दुसऱ्यासमोर चकती धरली आणि कागद दिव्याकडे वळवला. त्यांचे ओठ हलायला लागले. "जो... विश्वास ठेवतो... त्याची वाट... कधी अडत नाही!" शेवटचे शब्द त्यांनी ओरडूनच वाचले आणि ढसाढसा रडायला लागले. टाळ्यांनी छप्पर उडायचंच बाकी राहिलं.

"विज्ञान जिथे दमून खाली बसतं ना," बाबा म्हणाले, "तिथून आमची चकती चालायला लागते! सात वर्षं सात झऱ्यांच्या पाण्यात ठेवलीय ही. अहो, डोळा म्हणजे काय? खिडकी. खिडकी मळली तर माणूस काय करतो? पुसतो! खिडकीचं ऑपरेशन करतो का कुणी?"

लोक खो-खो हसले. खांबाला टेकून उभी असलेली शंकाबाई मात्र हसली नाही. सातच झरे का, ती मनात म्हणाली. आठवा काय आटला होता?

शंकाबाई हे अर्थात तिचं खरं नाव नव्हे. ती शर्टांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काम करायची, गेली बावीस वर्षं. शिवून आलेला शर्ट ट्यूबलाइटखाली पसरायचा, कॉलरपासून काजापर्यंत बोट फिरवायचं, आणि खोट दिसली की तिथे लाल बाणाचा स्टिकर चिकटवायचा, हे तिचं काम. ते काम हळूहळू स्वभावात मुरलं होतं. दूधवाला असो, भाजीवाला असो, तिचा लाल बाण रोखलेलाच. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं तर म्हणायची, "तपासणीत एकही पास झाला नाही, मी काय करू?"

आज ती आली होती वहिनीसाठी. वहिनी म्हणजे तिच्या थोरल्या भावाची बायको, आणि सेवकाने आता माइकवर तिलाच पुकारलं होतं.

वहिनी रफूचं काम करायची. कोटाला पडलेलं भोक ती त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतला धागा काढून असं विणून टाकायची, की भोक कुठे होतं ते खुद्द गिऱ्हाइकालाही सापडू नये. चार वर्षांपूर्वी तिच्या बोटांचे सांधे सुजले. सुई धरवेना, बटण लावता येईना. कुणीतरी बाबांकडे नेलं. बाबांनी पांढऱ्या भुकटीच्या पुड्या दिल्या, रोज सकाळी एक. आठवड्याच्या आत बोटं मोकळी झाली. वहिनीने त्या दिवशी शेजारपाजारच्या सगळ्यांसमोर बोटं उघडमीट करून दाखवली होती. चमत्कार म्हणायचं नाही तर दुसरं काय म्हणायचं?

पुडीबरोबर बाबांनी एक अट घातली होती. ही कृपेची पुडी आहे, हिला औषध म्हणायचं नाही. म्हटलं की गुण गेला.

चार वर्षं वहिनी पुडी घेत होती आणि चार वर्षं ती अट पाळत होती. आणि आता, गेल्या काही महिन्यांपासून, तिला धागे नीट दिसत नव्हते.

स्टेजवर वहिनीने चकती डोळ्यासमोर धरली, कागद वाचला, टाळ्या झाल्या. सेवकाने लाल फडक्यात गुंडाळून एक चकती तिला घरी न्यायला दिली. वहिनी खाली आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता.

"ताई, बघितलंत ना?"

"बघितलं," शंकाबाई म्हणाली. "मी आणखीही काही बघितलं. ते आजोबा आधी गुडघ्यांसाठी यायचे ना इथे?"

"हो. त्यांचे गुडघे बाबांनीच बरे केले."

"आणि ती निळ्या साडीतली बाई?"

"तिचा दमा. बरा झाला की."

"म्हणजे आधी बरे झालेलेच आता डोळ्यांसाठी रांगेत आहेत. आमच्याकडे एकाच गठ्ठ्यातले शर्ट पुन्हा पुन्हा सारखीच खोट घेऊन आले ना वहिनी, तर आम्ही शर्टांना बोल लावत नाही. मशीन तपासतो."

"तुमचं आपलं काहीतरीच," वहिनी म्हणाली आणि फडकं छातीशी धरून चालायला लागली.

चार दिवसांनी एक लोकरी कोट परत आला. वहिनीच्या हातचा कोट परत येण्याची ती पहिलीच वेळ. गिऱ्हाईक भला माणूस होता, काही बोलला नाही, नुसतं बोट ठेवून दाखवलं. दोन ओळी एकमेकींवर चढल्या होत्या आणि मध्ये एक गुठळी बसली होती. तो गेल्यावर वहिनी कोट मांडीवर घेऊन बसून राहिली.

"ताई, माझी बोटं चालतात हो. पण ती कुठे चालतायत तेच दिसत नाही. हे काम गेलं तर मी काय करू? मला दुसरं येतंच काय?"

शंकाबाईने वहिनीकडे नीट पाहिलं, टेबलावरच्या शर्टाकडे पाहायची तसं, वरपासून खालपर्यंत. गेल्या दोन-तीन वर्षांत वहिनीचे गाल चांगलेच भरले होते. शेजारणी म्हणायच्या, तब्येत सुधारली हो! पण हातपाय मात्र वाळून काड्या झाले होते. टेबलाचा कोपरा नुसता लागला तरी कातडीवर निळा डाग उमटायचा. शिवणाच्या मशीनपाशी पाण्याची मोठी बाटली होती आणि ती संध्याकाळपर्यंत तीनदा भरली जायची. ही तब्येत सुधारल्याची लक्षणं असतील तर बिघडल्याची कोणती?

वहिनी कोट तसाच परत द्यायला बाहेर गेली तशी शंकाबाईने लाल फडकं उघडलं. तिचा स्वतःचा जवळचा चष्मा कारखान्यातल्या खणात राहिला होता. चष्म्याशिवाय तिला कॉलरवरचं लेबल म्हणजे नुसता काळा डाग दिसायचा. तिने चकती डोळ्यासमोर धरली आणि एका शर्टाचं लेबल उजेडात धरलं. साठ टक्के सुती. कोमट पाण्यात धुवा. इस्त्री हलकी फिरवा.

तिने चकती खाली केली. काळा डाग. वर केली. इस्त्री हलकी फिरवा.

"अरेच्चा!" ती मोठ्याने म्हणाली.

कारण तिच्यावर तर कृपा झालीच नव्हती. तिने आयुष्यात एक पुडी घेतली नव्हती, आणि विश्वास म्हणाल तर रुपयातला एक पैसाही नव्हता. मग बाबांच्या सात झऱ्यांनी तिच्यासाठी फुकट काम का करावं?

तिने पर्समधून शर्टाला लावायचं एक पुठ्ठ्याचं कार्ड काढलं. वहिनीच्या सुया टोचून ठेवायच्या गादीतली सगळ्यात जाड सुई घेतली आणि कार्डाच्या मधोमध आरपार टोचली. कार्ड डोळ्यासमोर धरलं. साठ टक्के सुती. कोमट पाण्यात धुवा.

वहिनी परत आल्यावर शंकाबाईने विजयी मुद्रेने कार्ड पुढे केलं. वहिनीने त्यातून पाहिलं, वाचलं, कार्ड उलटून मागची बाजूही तपासली. मग म्हणाली, "बरं. चकतीचं तुमचं खरं धरू. पण माझी बोटं? ती का कार्डाने बरी झाली?"

बोटं बरी झाली होती हे शंकाबाईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तेच तिला जास्त खुपत होतं.

शेवटी वहिनी डोळ्यांच्या डॉक्टरकडे यायला तयार झाली, पण एका अटीवर. "पुडीचं नाव काढायचं नाही. शपथ घ्या."

शंकाबाईने शपथ घेतली. वहिनीला दवाखान्यात न्यायला तिने काहीही कबूल केलं असतं.

डोळ्यांच्या डॉक्टर एक मध्यमवयीन बाई होत्या, मान तिरकी करून ऐकणाऱ्या. त्यांनी वहिनीला अक्षरांच्या पाटीसमोर बसवलं. वहिनी तिसऱ्या ओळीत अडकली. डॉक्टरबाईंनी काळ्या प्लास्टिकचा एक चमचा तिच्या डोळ्यासमोर धरला. त्याला बारीक बारीक भोकं होती. वहिनी सरळ सहावी ओळ वाचायला लागली.

शंकाबाई खुर्चीतून अर्धी उठलीच. "हे काय आहे हो, डॉक्टर?"

"हे? पिनहोल. बारीक भोकातून उजेडाचे मोजकेच किरण आत जातात. ते पसरत नाहीत, म्हणून चित्र स्वच्छ दिसतं. भुरकटपणा नंबरचा आहे की डोळ्याच्या आत दुसरं काही आहे, ते यातून कळतं. चष्मा लागणाऱ्या बहुतेकांना यातून बरं दिसतं. काढलं की पुन्हा जैसे थे."

"म्हणजे डोळा यानं सुधारत नाही?"

"कसा सुधारेल? खिडकीचा पडदा ओढून थोडीच फट ठेवली म्हणून काच पुसली जाते का?"

वहिनीने मान खाली घातली. मग तिच्या डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, डोळ्यांचा दाब मोजला आणि आतल्या पडद्याचे फोटो काढले. डॉक्टरबाईंनी त्यातला एक फोटो स्क्रीनवर दाखवला. नारिंगी रंगाचं वर्तुळ, त्यात फांद्यांसारख्या शिरा आणि शिरांच्या आसपास टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. बोटातून रक्ताचा थेंब घेतला, यंत्राने साखर दाखवली. चारशेला थोडीच कमी.

"तुम्हाला मधुमेह आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि तो आजकालचा नाही. हे ठिपके पडायला वर्षं लागतात. पडद्यावरच्या बारीक शिरा कमकुवत होऊन फुगल्यात. नशीब, सुरुवातच आहे. आज इंजेक्शन नको, लेसर नको. साखर आणि रक्तदाब ताब्यात आणले तर हे इथेच थांबू शकतं, कधी कधी मागेही जातं. दुर्लक्ष केलं तर नजर जाते."

"पण मला भुरकट दिसतं ते या ठिपक्यांमुळे?"

"नाही, आणि तीच तर मेख आहे. साखर वरखाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं, नंबर बदलतो, म्हणून भुरकट दिसतं. ठिपके मात्र बिनबोभाट असतात. ते दुखत नाहीत, खुपत नाहीत, अक्षरं वाचून सापडत नाहीत. आत डोकावून पाहावं लागतं." डॉक्टरबाईंनी पेन हातात घेतलं. "घरात कुणाला मधुमेह?"

"आईवडिलांना नव्हता. भावंडांनाही नाही."

"कसलं औषध चालू आहे? सांधेदुखीचं, दम्याचं, त्वचेचं? नीट आठवून सांगा."

"औषध? नाही हो. कसलंच नाही," वहिनी म्हणाली. खोटं बोलताना तिचा आवाज कापायचा. आत्ता कापला नाही, कारण तिच्या हिशेबी ती खरंच बोलत होती. टेबलाखाली मात्र तिने शंकाबाईचा हात घट्ट धरला होता.

शंकाबाई गप्प बसली. शपथ म्हणजे शपथ. डॉक्टरबाई वहिनीच्या गोल चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या, मग त्यांनी साखरेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि आठवड्याभरात मधुमेहाच्या डॉक्टरांना भेटायला सांगितलं.

घरी आल्यावर शंकाबाईचा संताप उफाळून आला. शपथ पुडीचं नाव न काढण्याची होती, पुडी ठेवण्याची नव्हती! तिने फळीवरचा पुड्यांचा डबा उचलला, एकेक पुडी फोडली आणि सगळी पूड मोरीत ओतून वर दोन बादल्या पाणी टाकलं. वहिनी नुसती बघत राहिली. चकतीने तिचा अर्धा विश्वास मोडला होता, म्हणून ती भांडली नाही.

कारखान्यात खोट सापडलेला शर्ट कुणी कधी फेकून देत नाही. तो बाजूला ठेवतात, त्यावर कार्ड लावतात, मोठ्या साहेबांना दाखवतात. बावीस वर्षं हे करणाऱ्या शंकाबाईला नेमकं त्या दिवशी ते आठवलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी वहिनीला अंथरुणातून उठवेना. उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी, पाणी प्यायलं तरी उलटी, अंगात मुंगी मारायचीही ताकद नाही. बोटं पुन्हा सुजून टम्म झाली होती. दादा, म्हणजे शंकाबाईचा भाऊ, घाबरून थेट बाबांच्या सेवकाकडे धावला आणि तासाभराने लालबुंद होऊन परत आला.

"मोरीत टाकल्यास तू पुड्या? मोरीत? ते म्हणाले, कृपेचा अपमान झालाय. बाबांचा कोप आहे हा! काय मिळवलंस तू तुझ्या शंका काढून?"

वहिनी समोर पांढरीफटक पडली होती. पुडी होती तोवर चालत होती, बोलत होती, सुई धरत होती. पुडी गेली आणि पाच दिवसांत ही दशा. खरं सांगायचं तर त्या क्षणी शंकाबाईचीही पाचावर धारण बसली. खरंच कोप असला तर? दोन मिनिटं, पुरती दोन मिनिटं, तिला ते पटलं होतं. पुढे ती स्वतःच हे सांगायची आणि सांगताना कान धरायची.

मग तिला टेबल आठवलं. खोट दिसली की आधी विचारायचं, काय बदललं? धागा बदलला, सुई बदलली, की माणूस बदलला? इथे एकच गोष्ट बदलली होती. पूड बंद झाली होती. नुसत्या पांढऱ्या भुकटीने काही होत नसेल, तर ती बंद केल्याने तरी एवढं का व्हावं? म्हणजे त्या पुडीत काहीतरी होतं. चांगलंच काहीतरी होतं.

"दादा, गाडी बोलाव. हिला दवाखान्यात न्यायचंय."

"आणि कोप?"

"कोपाला म्हणावं मागच्या सीटवर बस. ऊठ!"

दवाखान्यात वहिनीचा रक्तदाब मोजणाऱ्या नर्सने दोनदा मोजला. साखर पाच दिवसांपूर्वी चारशेच्या घरात होती, ती आता साठच्याही खाली आली होती. डोळ्यांच्या डॉक्टरबाईही खाली धावत आल्या. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, "काही घेत होत्या का त्या?"

शंकाबाईने वहिनीकडे पाहिलं. वहिनीचे डोळे मिटलेले होते. "शपथ मोडते वहिनी, माफ कर," ती म्हणाली. "डॉक्टर, ती औषध घेत होती. चार वर्षं, रोज. पांढरी पूड. सांध्यांसाठी. मी पाच दिवसांपूर्वी फेकून दिली."

डॉक्टरबाईंनी नर्सकडे वळून भराभर सूचना दिल्या, सलाइन लागलं, इंजेक्शन गेलं. तासा-दीड तासात वहिनीच्या गालांवर रंग आला. तिने डोळे उघडून पहिलं काय विचारलं तर, "बाबा आले होते का?"

"नाही," शंकाबाई म्हणाली. "त्यांची पूड आली होती. सुईतून."

आणि ते अक्षरशः खरं होतं. दुपारी डॉक्टरबाई खाटेपाशी स्टूल ओढून बसल्या आणि त्यांनी तिघांना समजावून सांगितलं.

"त्या पुडीत स्टेरॉइड असणार, माझी जवळजवळ खात्री आहे. वाईट औषध नाही हं ते. योग्य रोगात, मोजून, देखरेखीखाली दिलं तर जीव वाचवतं. आत्ता मी तेच दिलं. सूज झटक्यात उतरवतं, म्हणून बोटं मोकळी झाली. गुडघे, दमा, सगळ्याला तात्पुरता आराम. पण वर्षानुवर्षं न मोजता घेतलं तर चेहरा फुगतो, कातडी पातळ होते, आणि साखर वाढते. मधुमेह तुम्हाला पुडीने दिला, आणि मधुमेहाने डोळ्यांत ठिपके दिले."

"आणि हा कोप?" दादाने खालच्या आवाजात विचारलं.

"शरीर स्वतःही असं द्रव्य बनवतं. चार वर्षं बाहेरून आयतं मिळाल्यावर त्याने आपला कारखाना बंद केला. तुम्ही बाहेरचा माल एका दिवसात तोडलात. आतला कारखाना काही लगेच सुरू होत नाही. त्यात साखर उतरवायच्या गोळ्या चालूच, म्हणून ही अवस्था. हे औषध एकदम कधीच तोडायचं नाही. हळूहळू, पायरी पायरीने उतरवायचं, डॉक्टरांना विचारून." मग त्या शंकाबाईला म्हणाल्या, "त्या दिवशी एक शब्द बोलला असतात तर हे टळलं असतं."

शंकाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा लाल बाण तिच्याच कपाळावर चिकटला होता.

"एखादी पुडी शिल्लक असती तर प्रयोगशाळेत पाठवली असती," डॉक्टरबाई उठता उठता म्हणाल्या.

"दोन आहेत," वहिनी अंथरुणातून म्हणाली. "रिळांच्या डब्यात, तळाला. मी प्रत्येक गोष्टीतलं थोडं राखून ठेवते. रफूवाल्यांना ठेवावंच लागतं. मूळ धागा हाताशी नसेल तर भोक बुजणार कसं?"

दोन्ही पुड्या प्रयोगशाळेत गेल्या. दोन आठवड्यांनी अहवाल आला. स्टेरॉइडच, आणि एका पुडीत दुसरीपेक्षा कमी की जास्त याला काही धरबंध नसावा अशी ढोबळ मिसळ. डॉक्टरबाईंनी अहवाल औषध खात्याच्या कचेरीतही धाडला.

वहिनीचं काम आता वेगळ्या तऱ्हेने सुरू झालं. स्टेरॉइडची गोळी दर काही आठवड्यांनी थोडी थोडी कमी. सांध्यांसाठी सांध्यांच्या डॉक्टरांचं वेगळं औषध, जे आठवड्यात नव्हे तर दोन-तीन महिन्यांत गुण देतं, आणि तसं आधीच सांगतं. साखरेच्या गोळ्या, जेवणाच्या वेळा, रोजचं चालणं. साखर उतरायला लागली तेव्हा काही दिवस भुरकट उलट वाढलं आणि वहिनी हबकली. डॉक्टरबाई म्हणाल्या, भिंग पूर्वपदावर येतंय, नवा चष्मा इतक्यात करू नका, साखर स्थिर होऊ द्या. ती थांबली. बोटं अधूनमधून ठणकायची, मग ती कोमट पाण्यात हात घालून बसायची आणि बाबांना चार शब्द सुनवायची. आधी मनात, मग मोठ्याने.

अशातच एके दिवशी बाबांचा सेवक दारात हजर! वहिनी बरी झाल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं.

"बाबांनी दुरूनच कृपा केली," तो हात जोडून म्हणाला. "कोप आवरला. येत्या रविवारी स्टेजवर येऊन दोन शब्द सांगा."

शंकाबाई तोंड उघडणार, तोच वहिनी म्हणाली, "येईन की."

रविवारी सभागृह पुन्हा खचाखच. सेवकाने वहिनीला पुढे केलं. "या ताईंनी कृपेचा अपमान केला, मरणाच्या दारात गेल्या, आणि बाबांनी परत आणलं! बोला, ताई."

वहिनीने माइक घेतला. तिने पिशवीतून एक कागद काढला आणि बाबांसमोर धरला. "बाबा, मला अजून नीट दिसत नाही. तेवढा हा कागद लोकांना वाचून दाखवा ना."

बाबांनी कागद घेतला. जवळ धरला, लांब धरला, हात ताणून आणखी लांब धरला. मग त्यांनी सेवकाकडे पाहिलं. सेवकाने सवयीने झब्ब्याच्या खिशातून त्यांचा चष्मा काढला आणि निमूट पुढे केला.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "बाबा, चकती घ्या ना, चकती!"

हसण्याची एक लाट पुढपर्यंत आली. त्या हसण्यातच शंकाबाईने रांगांमधून कार्डं वाटायला सुरुवात केली. कारखान्यातली रद्द झालेली कार्डं, प्रत्येकाच्या मधोमध सुईचं भोक. "सात झरे नाहीत, एक सुई आहे. चष्मे काढा आणि बघा!" लोकांनी पाहिलं. हातातले मोबाइल, खिशातल्या चिठ्ठ्या, पाठीमागच्या भिंतीवरची पाटी, सगळं वाचून पाहिलं. ते पहिले आजोबा कार्ड वर करत होते, खाली करत होते, पुन्हा वर करत होते. या खेपेला ते रडले नाहीत. त्यांचा चेहरा हळूहळू रागाने लाल झाला.

बाबांच्या हातातला कागद वहिनीने काढून घेतला. "राहू द्या, मीच सांगते. ही तुमच्या पुडीची तपासणी आहे. हिच्यात स्टेरॉइड आहे. माझी बोटं त्यानेच बरी झाली, माझी साखर त्यानेच वाढली आणि माझ्या डोळ्यांत रक्ताचे ठिपके त्यानेच पडले. डॉक्टरांनी मला तोंडावर विचारलं, औषध घेता का? मी नाही म्हणाले. खोटं बोलले नाही मी! तुम्हीच शिकवलंत ना, औषध म्हणायचं नाही? आता कळलं का शिकवलंत. डॉक्टरला कळू नये म्हणून!" तिने माइक दोन्ही हातांनी धरला. "ते औषध होतं. ऐका सगळ्यांनी. औषध. औषध. औषध. जाऊ दे गुण जायचा तर!"

"खोटं आहे हे!" सेवक ओरडला, पण तोवर खिशाखिशांतून पुड्या बाहेर आल्या होत्या. कुणीतरी आपली पुडी जमिनीवर आपटली आणि पायाने चिरडली.

"फेकू नका!" शंकाबाई खुर्चीवर चढून किंचाळली. "एकही फेकू नका! मी फेकल्या होत्या, आणि वहिनी मरता मरता वाचली. तो बाबांचा कोप नव्हता, माझा मूर्खपणा होता. बंद करायची ती डॉक्टरांना विचारून. आणि पुडी बरोबर घेऊन जा, दाखवायला."

मागच्या रांगेत बसलेल्या डॉक्टरबाई उठून उभ्या राहिल्या. "उद्या सकाळपासून दवाखान्यात रक्त आणि डोळे तपासून मिळतील," एवढंच त्या म्हणाल्या. लोक त्यांच्याभोवती गोळा झाले. तेवढ्यात स्टेजवरची खुर्ची रिकामी झाली होती. बाबांनी मागच्या दाराने पोबारा केला होता. औषध खात्याची माणसं दुसऱ्या दिवशी पोचली तेव्हा बाबांच्या खोलीत त्यांना पुड्या बांधायचे कागद सापडले, आणि तांब्याच्या पत्र्याचा एक तुकडा, ज्यातून गोल चकत्या कापलेल्या होत्या.

शंकाबाई म्हणते, तो माणूस आणखी कुठेतरी दुकान मांडून बसला असेल. आता चकती पितळेची असेल, झरे नऊ असतील, आणि पुडीचं नाव काही भलतंच असेल. तिची शंका खोटी ठरावी असं फार वाटतं, पण तिच्या शंका सहसा खोट्या ठरत नाहीत. तेव्हा एवढं लक्षात असू द्या. पुडी कुणाचीही असो, कुणी कितीही प्रेमाने दिलेली असो, झटपट गुण देणारी असो. जी गोष्ट पोटात जाते आणि शरीरात बदल घडवते, ती औषध आहे. तिला दुसरं नाव देणाऱ्याला विचारा, का बुवा? आणि साखर वाढली असेल तर नीट दिसत असलं तरी वर्षातून निदान एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. ठिपके हाक मारून येत नाहीत.

सहा महिन्यांनी वहिनी पुन्हा डॉक्टरबाईंसमोर बसली. जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी शेजारी होते. नवे ठिपके नव्हते, आणि जुन्यांतले दोन पुसट झाले होते. चेहऱ्याची सूज उतरून वहिनी पुन्हा पूर्वीसारखी दिसायला लागली होती. शेजारणी हळहळायच्या, किती वाळलीस गं!

"छान," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी पेन हातात घेतलं. "कसलं औषध चालू आहे?"

वहिनीने पिशवीतून रिळांचा डबा काढला, झाकण उघडलं आणि टेबलावर एकेक वस्तू मांडायला लागली. साखरेच्या गोळ्या. सांध्यांच्या गोळ्या. उरलेली स्टेरॉइडची अर्धी गोळी. डोळ्यांत घालायचे थेंब. खोकल्याच्या दोन चघळायच्या गोळ्या. शेजारणीने दिलेलं गुडघ्याला चोळायचं तेल.

"तेलसुद्धा?" डॉक्टरबाई हसल्या.

"सगळं सांगते हो," वहिनी म्हणाली. "तुम्ही लिहून घ्या."